आजोबांची 12 बोअरची दुनळी बंदूक दुरुस्त करून घेणं परवडेल का?

आधी परवाना तुमच्या नावावर आहे ना ते बघा. त्याशिवाय ती जवळ ठेवणंही 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडेच करायची.

खरा निर्णय नळ्यांवर. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या सुट्या करा, उजेडाकडे धरून आतून बघा. वरवरचा गंज निघतो. खोल खड्डे घासून काढायला गेलात तर भिंत पातळ होते, म्हणून जाडी मोजून घ्याच; कुठे 0.5 मिमीच्या आसपास उरली असेल तर खर्च करू नका. मग नळ्या टांगून लाकडाने हलकेच ठोका: स्वच्छ नाद आला तर नळ्या जोडणारा डाख शाबूत, बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली. पुन्हा डाखणं फार महाग पडतं. बंद केल्यावर नळ्या हलत असतील, तर तेही कुशल हाताचंच काम.

दस्त्याची चीर, उडालेला रंग किरकोळ.

जुन्या ब्रिटिश बंदुकीचा चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं तो भाग, बरेचदा 65 मिमीचा असतो. 70 मिमीचं काडतूस आत बसतं, पण दाब धोकादायक वाढू शकतो. नळीवर पिळाची नक्षी, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली जुनी दमास्कस नळी, दिसली तर आधुनिक काडतूस घालूच नका. फक्त साफ करून जपा.