शहर सोडून गावात स्वावलंबी राहायचं आहे. घरगुती कामं शिकायला सुरुवात कुठून करू, आणि देवाचे आभार मानणं त्यात कसं बसवू?

तुम्ही लिहिलंय की जमीन बघणं सुरू आहे, साबणापासून शिवणापर्यंत शिकायच्या गोष्टींची मोठी यादी तयार आहे, आणि हे सगळं देवाच्या ऋणाची जाणीव ठेवून करायचं आहे, पण घरच्यांना देवाधर्मात रस नाही. ती यादी आधी बाजूला ठेवा. जमिनीचा व्यवहारही थोडा लांबणीवर टाका. यातली निम्म्याहून जास्त कामं तुम्ही आज राहता त्याच घरात शिकता येतात, आणि ती शिकल्यावर जमीन कशासाठी हवी आहे हे तुम्हालाच नीट सांगता येईल.

मी रफूपासून सुरुवात करायला सांगते. विरलेला मोजा घ्या, आत काहीतरी गोल आणि टणक घाला. भोकाच्या अगदी काठावर धागा सुरू करू नका. बोटभर अलीकडे, जिथे वीण अजून धड आहे, तिथून उभे टाके घालत पलीकडच्या धड भागापर्यंत जा. मग आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून असा विणत आणा. धागा ताणायचा नाही, ताणला की चुणी पडते आणि टाचेला टोचते. काम छोटं आहे, पण हाताला सबुरी लागते ती इथे. शिवाय असं एक भोक बुजवलं की कापड विणणाऱ्या माणसाबद्दल मनात जो आदर येतो तो कायम राहतो.

त्यानंतर बी धरायला शिका. माझ्या मते स्वावलंबनाचा गाभा इथे आहे, आणि तुमच्या देवाच्या प्रश्नाचं उत्तरही मला इथेच मिळालं. सरळ वाणाचं बी घ्या. संकरित बियाण्याची पुढची पिढी आईबापांसारखी निघेलच असं नसतं. घेवडा, वाटाणा आणि टोमॅटो बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतात, म्हणून नवशिक्याला सोपे. भोपळा आणि काकडी मधमाश्यांवर अवलंबून असतात, त्यामुळे शेजारच्या वाणाशी संकर होतो, ते नंतर बघा. घेवड्याच्या चांगल्या वेलावरच्या शेंगा खायला न तोडता वेलीवरच वाळू द्या, हलवल्यावर आत खुळखुळ वाजेपर्यंत. बी नखाने दाबून बघा, खूण उमटली तर अजून ओल आहे. टोमॅटोचं थोडं वेगळं. पिकलेल्या फळाचा गर बियांसकट भांड्यात काढून दोन-तीन दिवस आंबवायचा. वास येतो, वर बुरशीचा पातळ पापुद्राही धरतो, घाबरू नका. बीभोवतीचा तो बुळबुळीत थर उगवण रोखून धरत असतो, आंबवल्यावर तो सुटतो. मग भरपूर पाण्यात धुवा. भरीव बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. कागदावर वाळवू नका, चिकटून बसतं, ताटलीत पसरा.

आता बघा, फळाच्या ओल्या गरात बी तिथेच उगवून वाया जाऊ नये म्हणून तो थर आहे. ही तजवीज मी केलेली नाही. मी फक्त वाट बघितली आणि धुतलं. हाताने काम करायला लागल्यापासून ‘मी हे पिकवलं’ असं वाक्य माझ्या तोंडी सहज येत नाही. खुडूक कोंबडीचंही तसंच. ती 21 दिवस अंड्यांवर बसते आणि चोचीने अंडी पुन्हा पुन्हा फिरवत राहते. आतलं पिल्लू कवचाच्या पापुद्र्याला चिकटू नये म्हणून ते लागतं. तिला हे शिकवायला कोणी गेलं नव्हतं. तेव्हा आभारासाठी वेगळी वेळ काढायची गरज मला तरी वाटत नाही. ते कामाच्या आतच सुचतं. सहाव्या शतकात इटलीत ख्रिस्ती संत बेनेडिक्ट यांनी मठातल्या दिवसाची आखणी करताना प्रार्थनेच्या बरोबरीने हातकामाचे तासही ठरवून दिले होते. मला ती वाटणी फार शहाणपणाची वाटते.

मात्र गारांनी वाफा झोपवला त्या संध्याकाळी आभार मानता आलेच पाहिजेत असं स्वतःवर लादू नका. त्या दिवशी नुसतं आवरायचं, जगलेल्या रोपांना माती लावायची. ओढूनताणून म्हटलेल्या प्रार्थनेपेक्षा देवाला तेवढं पुरत असावं असा माझा विश्वास आहे.

साबण जरूर शिका, पण पुस्तकापेक्षा कुणाच्या तरी शेजारी उभं राहून. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी हवीच. प्रत्येक तेलाला सोडा वेगवेगळा लागतो, म्हणून सगळं वजनावर, अंदाजाने काही नाही. वड्या पडल्यावर चार ते सहा आठवडे मुरू द्या.

बरण्यांत भाजी टिकवण्याचं काम मी पहिल्या वर्षी करू नका असंच सांगेन. फ्रान्समधल्या निकोला अपेर यांनी ही बंद बाटलीची रीत 1810 मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा अन्न का टिकतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कारण जंतूंचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पाश्चर यांच्या कामातून पुढे कळलं. आपल्याला ते माहीत आहे, तर पाळायला हवं. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि त्या जंतूंच्या विषाला वास, रंग असेलच असं नाही. आंबट फळं, म्हणजे ज्यांचा सामू (pH, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) 4.6 किंवा त्याहून कमी आहे ती, उकळत्या पाण्यात नीट होतात. शेंगा, कंद, मांस यांना त्यासाठीच बनवलेलं दाबाचं भांडं आणि साधारण 116 ते 121 अंश सेल्सिअस तापमान लागतं, तेही तपासलेल्या पाककृतीतल्या वेळेइतकं. तोवर भाज्या वाळवा किंवा मिठात आंबवा. आंबवायला भाजीच्या वजनाच्या दोन-अडीच टक्के मीठ आणि भाजी सतत पाण्याखाली, एवढं सांभाळलं की झालं.

जमिनीबद्दल थोडक्यात. शक्य असेल तर आधी त्याच भागात भाड्याने राहा आणि सगळे ऋतू बघा. सर्वांत कोरड्या दिवसांत पाणी कुठे असतं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. शेजारी कोण आहे हेही तितकंच बघा. स्वावलंबी घर एकट्याने चालत नाही. तुमच्याकडे बी जास्त होईल, त्यांच्याकडे अंडी. पहिल्या पिकातलं थोडं आपणहून देऊन या, ओळख तिथून वाढते आणि आभारही पोचतात.

राहिला घरच्यांचा प्रश्न. प्रार्थना ही या जगण्यात येण्याची अट करू नका. तुम्ही जेवणाआधी मनातल्या मनात हात जोडा, त्यांना जोडायला लावू नका. त्यांना कामं निवडू द्या. कुणाला सुतारकाम आवडेल, कुणाला कोंबड्या, कुणाला फक्त हिशेब ठेवणं. ज्याला जे काम आवडेल ते पूर्ण त्याच्याकडे सोपवा आणि त्याच्या पद्धतीत लुडबूड करू नका. बाकीचं तुम्ही त्यांच्यासमोर कसं जगता त्यावर सोडा.