‘नर्व्हस’ म्हणजे खिन्न नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘नर्व्हस’चा नेमका अर्थ काय आणि त्याचा ‘नर्व्ह’शी, म्हणजे मज्जातंतूशी, काय संबंध?

अर्थाचं आधी उरकतो, कारण तो रोज चुकीचा कानावर पडतो. मुलाला मार्क कमी पडले की शेजारी म्हणतात, “जाऊ दे, नर्व्हस होऊ नकोस.” मॅच हरली की “सगळे नर्व्हस झाले.” अरे, तो खिन्न झाला आहे, ते हिरमुसले आहेत! नर्व्हस माणूस होतो तो निकालाच्या आधी. छातीत धडधडतं, हाताला घाम फुटतो, पोटात गोळा येतो, ती धाकधूक म्हणजे नर्व्हस असणं. निकाल लागल्यावर उरतं ते दुःख. उसन्या शब्दाचा अर्थ आपण हवा तसा वळवू शकतो, हा युक्तिवाद मला माहीत आहे आणि साफ अमान्य आहे. उदास, खिन्न, नाराज, हिरमुसलेला, खट्टू असे पाच शब्द घरात असताना सहावा बाहेरून आणायचा आणि तोही चुकीच्या कामाला लावायचा, याला भाषेची वाढ म्हणत नाहीत.

आता खरी गंमत. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ भित्रा नव्हता, बळकट होता! सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात ‘नर्व्हस’चा पहिला अर्थ पिळदार, जोरकस असा आहे. कमजोर नसांचा माणूस हा अर्थ तिसरा, आणि तोही ‘वैद्यांची बोली’ असा शिक्का मारून दिलेला. लॅटिन ‘नेर्वुस’ म्हणजे मांस हाडाला बांधणारा चिवट दोर, धनुष्याची दोरीसुद्धा. ग्रीक ‘न्यूरॉन’ही तोच. त्या काळी शरीर उघडून पाहणाऱ्यांना कंडरा (म्हणजे हाच चिवट दोर) आणि मज्जातंतू दोन्ही सारखेच पांढरे धागे दिसत, म्हणून दोघांना एकच नाव. पुढे वैद्यकाने ते नाव मज्जातंतूंना दिलं, दुखणीही त्यांच्याच नावे लावली, आणि बळकट माणसाचं विशेषण घाबरलेल्याला चिकटलं. इंग्रजीत धाडसाला आजही ‘नर्व्ह’ म्हणतात, ते याच जुन्या अर्थाचं शिल्लक राहिलेलं रूप.

‘नेर्वुस’ ज्या मूळ शब्दातून आला त्याच मुळातला संस्कृत भाऊ म्हणजे ‘स्नावन्’, आणि त्याच कुळातला आपला ‘स्नायु’. ग्रीक-लॅटिनमध्ये सुरुवातीचा स् गळला, एवढाच फरक. प्राकृतात ‘स्न’चा ‘ण्ह’ होतो (स्नानाचं न्हाण झालं तसंच), म्हणून पाली भाषेत शरीराच्या बत्तीस भागांच्या यादीत ‘मंसं नहारू अट्ठि’ येतं: मांस, स्नायू (मसल नव्हे, तोच चिवट दोर), हाड. हा ‘नहारू’ नीट पाहा. मराठीत तो ‘नारू’ झाला! गढूळ पाण्यातून अंगात शिरणारा, पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा, काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळून काढावा लागणारा हाच तो जंत. संस्कृत वैद्यकातही त्या रोगाला ‘स्नायुक’ म्हटलं आहे, म्हणजे वैद्यांनाही तो निघालेला स्नायूच वाटला. आपल्या देशातून नारू गेला. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने तसा दाखला दिला. पण विहिरीकाठचा तो नारू आणि इंग्रजी ‘नर्व्हस’ एकाच आजीची नातवंडं आहेत, हे कळल्याचा आनंद मला अजून पुरतो.

आणि इथे मराठी परिभाषा घडवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सुश्रुताने स्नायू नऊशे मोजले आणि पेशी पाचशे. त्याची ‘पेशी’ म्हणजे आजचा मसल. आपण ‘पेशी’ सेलला, म्हणजे शरीराच्या सूक्ष्म घटकाला, देऊन टाकली. मग मसल रिकामा राहिला, त्याला ‘स्नायू’ चिकटवला. मग नर्व्ह उघडा पडला, त्याच्यासाठी ‘मज्जातंतू’ काढला. मज्जा म्हणजे हाडातला मगज, त्याचा इथे काय संबंध? एक चूक केली आणि ती झाकायला आणखी दोन. बंगालीत बघा: तिथे नर्व्हला सरळ ‘स्नायु’ म्हणतात, शीतयुद्धालासुद्धा ‘स्नायुयुद्ध’. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत कुठे ‘मज्जासंस्था’ तर कुठे ‘चेतासंस्था’, आणि ‘स्नायुसंस्था’ म्हटलं की मुलांना दंडाच्या बेटकुळ्या आठवतात. लॅटिनचा सख्खा भाऊ घरात असताना त्याला हमालीला जुंपलं, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.