सबवूफर सतत घुमतोय, बिघडला असेल का?

गाणं बंद असतानाही सबवूफरमधून, म्हणजे खोल बासच्या स्पीकरमधून, घूंऽऽ असा आवाज येतो, असं तुम्ही लिहिलंय. लगेच नवा घेऊ नका. सबवूफर चालू ठेवून मागची सिग्नलची केबल काढा. आवाज थांबला, तर सबवूफर बहुतेक ठणठणीत आहे. दोष त्या केबलमध्ये किंवा ग्राउंड लूपमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या नको त्या प्रवाहात आहे. सबवूफर आणि त्याला सिग्नल देणारा रिसीव्हर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. तरीही घुमत असेल, तर सेट-टॉप बॉक्सला येणारी टीव्हीची केबल क्षणभर काढा. पुष्कळदा खरा चोर तिथेच सापडतो. मात्र प्लगची अर्थिंगची पिन काढायचा ‘उपाय’ कुणी सुचवला, तर कृपया ऐकू नका. शॉक बसू शकतो.

सगळं काढूनही घुमत असेल, तर आतल्या ॲम्प्लिफायरचे कपॅसिटर गेले असू शकतात. ते काम मेकॅनिकचं.

जाताजाता स्पीकरचा कोनही (आवाजाबरोबर हलणारा शंकूसारखा पडदा) तपासा. वीज बंद करून, जाळी काढून, दोन्ही हातांनी तो समान दाबत हलकेच आत ढकला. खरखर जाणवली, तर व्हॉइस कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) घासतेय. कडेचा फोम बोटाला चिकटत किंवा भुगा होत असेल, तर तेवढाच बदलून मिळतो.