स्पेक्ट्रम १२८ वर गाण्याचे सूर कमी बाइटांत कसे साठवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्पेक्ट्रम १२८ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरमधल्या एवाय-३-८९१२ या ध्वनी-चिपसाठी प्लेअर (गाणं वाजवणारा प्रोग्राम) लिहिताय, प्रत्येक सुराचा १२ बिटांचा पिरियड (चिपला द्यायचा आकडा; जितका मोठा तितका सूर खालचा) जसाच्या तसा दोन बाइटांत ठेवलाय आणि गाणं मेमरीत मावेना. शिवाय सूर घसरवला की खालच्या सप्तकात काही होतच नाही आणि वरच्या सप्तकात तो एकदम पळतो.

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच. पिरियड चिपला लागतो, गाण्याला नाही. चिपच्या रजिस्टरमध्ये (आकडे ठेवायच्या कप्प्यात) लिहायच्या क्षणापर्यंत त्याला जवळ करू नका. गाण्यात फक्त सुराचा क्रमांक ठेवा, ० ते ९५, म्हणजे बारा-बारा सुरांची आठ सप्तकं. त्याला ७ बिट पुरतात. आठवा बिट मी ‘पुढच्या बाइटमध्ये सुराची नवी लांबी आहे’ या खुणेसाठी वापरतो. जागा तर निम्मी लागतेच, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे की अख्खा तुकडा दोन सूर वर न्यायचा तर नुसती बेरीज करायची. एकच तुकडा वेगवेगळ्या पट्टीत वाजवता आला की खरी बचत तिथे होते.

वरच्या चार बिटांत सप्तक आणि खालच्या चारांत सूर ठेवायचा मोह होईल. बाराने भागायची कटकट वाचते खरी, पण बेरीज करताना ११ च्या पुढे गेलात की दरवेळी हातचा सांभाळत बसावं लागतं. (वायएम-२१५१ या दुसऱ्या ध्वनी-चिपमध्ये हीच मांडणी हार्डवेअरमध्येच आहे आणि तिथे सुराच्या १६ कोडांपैकी प्रत्येक चौथा रिकामा सोडलाय. तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना विचारा!) स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरला भागाकार येत नाही, पण १२ वजा करत राहायचं, फार तर आठ फेऱ्या. एका फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका चित्राइतक्या वेळात) तीन चॅनलसाठी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन आवाजांसाठी, हे काहीच नाही.

आता क्रमांकावरून पिरियड देणारं टेबल. ९६ सुरांचं पूर्ण टेबल १९२ बाइट खातं. परवडत असेल तर खुशाल ठेवा, सगळ्यात वेगवान तेच. नसेल तर फक्त सगळ्यात खालच्या सप्तकाचे १२ पिरियड ठेवा, म्हणजे २४ बाइट, आणि वरच्या प्रत्येक सप्तकासाठी एकदा उजवीकडे शिफ्ट करा (म्हणजे आकडा निम्मा होतो). सुरुवात खालूनच करायची, कारण पिरियड तिथे मोठा असतो आणि अचूकताही तिथेच जास्त मिळते.

इथे एक खाच आहे. स्पेक्ट्रममध्ये चिपचं क्लॉक १७,७३,४०० हर्ट्झ. त्याला १६ ने आणि मग कंप्रतेने भागलं की पिरियड येतो. ५५ हर्ट्झच्या सुराला २०१५. तोच तीनदा शिफ्ट केला की २५१.८७५, पण हातात उरतात २५१, आणि ४४० ऐवजी ४४१.६ हर्ट्झ वाजतं. सुमारे ६ सेंट चढा (सेंट म्हणजे सेमीटोनचा, लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा, शंभरावा भाग). दुसरा चॅनल बरोबर सुरात असेल तर दोघांतल्या फरकाची लहर ऐकू येते. उपाय फुकटात आहे: शेवटच्या शिफ्टमध्ये बाहेर पडलेला बिट प्रोसेसरच्या कॅरीमध्ये (हातच्याच्या बिटात) असतोच, तो १ असेल तर उत्तरात १ मिळवा. २५२ मिळतात, ४३९.८ हर्ट्झ.

फक्त खालच्या सप्तकात शिफ्टच होत नाही, तेव्हा कॅरी आधी साफ करा. मी विसरलो होतो. शिळा कॅरी मिसळून तिथले काही सूर एकाने वाढत होते. २०१५ चे २०१६ झाले तर फरक १ सेंटहून कमी, त्यामुळे कानाला कधीच कळलं नाही. रजिस्टरमधले आकडे छापून बघितले तेव्हा सापडलं.

घसरणीचं गणित बघा. दर फ्रेमला पिरियडमध्ये २ मिळवले तर २०१५ पाशी १.७ सेंट, २५२ पाशी जवळपास १४ सेंट आणि ३१ पाशी १०८ सेंट, म्हणजे एका फ्रेममध्ये अख्ख्या सेमीटोनपेक्षा जास्त. म्हणून वाजवताना सुराला दोन बाइट द्या: वरच्यात क्रमांक, खालच्यात सेमीटोनचा २५६ वा भाग. स्लाइड (घसरण) आणि व्हायब्रॅटो (सुराची थरथर) याच आकड्यावर चालवा. गाण्याच्या डेटात हे जात नाही, प्रत्येक चॅनलमागे एकच बाइट वाढतो. पिरियड काढताना टेबलातल्या दोन शेजारच्या नोंदींमध्ये सरळ रेषेने मधली किंमत काढा आणि मगच शिफ्ट करा. मधली किंमत काढण्यातली चूक १ सेंटच्या आत राहते. त्यासाठी टेबलात तेरावी नोंद लागेल, पहिलीच्या निम्मी. ती नसली तर सप्तकातला शेवटचा सूर भलतीकडे घसरेल.

आणि ३५२० हर्ट्झच्या सुराला पिरियड येतो ३१.४९. ३१ घ्या नाहीतर ३२, एकीकडे २७ सेंट चढा, दुसरीकडे तेवढाच उतरा. तिथे कुठलीच साठवण कामाची नाही. चाल एक सप्तक खाली घ्या.