अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दूधपेढीतील दूध

प्रश्न : माझ्या सुनेची प्रसूती तिसाव्या आठवड्यात झाली असून बाळ मुंबईतील एका रुग्णालयात नवजात अतिदक्षता विभागात आहे. सुनेला अद्याप पुरेसे दूध येत नसल्यामुळे डॉक्टरांनी दूधपेढीतील दुधासाठी आमची संमती मागितली आहे. अनोळखी बाईच्या दुधातून बाळाला जंतुसंसर्ग होणार नाही ना? माझी मुलगीही नुकतीच बाळंत झाली आहे. तिचे ताजे दूध उकळून दिले तर चालेल का? – एक आजी, मुलुंड

उत्तर : आपली शंका रास्त आहे. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या आतड्याचे अस्तर कोवळे असते आणि प्रतिकारशक्तीही अपुरी असते, त्यामुळे मोठ्या बाळाला सहज पचणारे जंतू त्याच्या रक्तात शिरू शकतात. मात्र घरातल्या माणसाचे दूध अधिक सुरक्षित, हा समज येथे सोडून द्यावा लागेल. निरोगी आईचे दूधही निर्जंतुक नसते. कातडी, हात, पंप आणि भांडी यांवरचे जंतू त्यात येतातच.

दूधपेढीत दात्या मातेची एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिस यांसाठी रक्ततपासणी होते. दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून लगेच थंड करतात, नमुन्याचे कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का याची प्रयोगशाळेतील तपासणी, करतात आणि त्यात जंतूंची वाढ दिसली तर ते दूध टाकून देतात. उरलेले दूध उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. कल्चरचा आग्रह अशासाठी, की बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातील सुप्त रूपे, एवढ्या उष्णतेतही तग धरतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू मरतो, पण त्याने आधीच सोडलेले विष उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणून दूध काढतानाची स्वच्छता आणि ते तत्काळ थंड करणे यांना पर्याय नाही. आशियातील पहिली दूधपेढी १९८९ मध्ये आपल्याच शहरात, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

घरी उकळलेल्या दुधावर असे कोणतेही नियंत्रण राहत नाही. उकळीने रोगप्रतिकारक घटक अधिक नष्ट होतात, बीजाणू उरू शकतात आणि वाटी-चमच्यातून नवे जंतू मिसळतात, म्हणून ते कृपया देऊ नये. मुलीची इच्छा असल्यास, तिच्या बाळाचे पोट भरून उरणारे दूध तिने तपासण्या करून पेढीला द्यावे.

पेढीतील या तापवण्याने, म्हणजे पाश्चरायझेशनने, दुधातील काही संरक्षक घटक कमी होतात, हे खरे आहे. तरीही पावडरच्या दुधाच्या तुलनेत या दुधावर आतड्याच्या नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस या गंभीर आजाराचा धोका कमी राहतो, म्हणून संमती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वितळवलेले दूध फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत वापरले जाते ना आणि पुन्हा गोठवले जात नाही ना, हे परिचारिकेला अवश्य विचारावे.

सुनेने मात्र रात्रीसुद्धा, दर दोन-तीन तासांनी, हात स्वच्छ धुऊन दूध काढत राहावे. चार थेंब निघाले तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाला आधी तेच द्यावेत आणि कमी पडेल तेवढेच पेढीतून घ्यावे.