आता या वयात आहारतज्ज्ञ होता येईल का?

चालू नोकरी सोडून आहारतज्ज्ञ व्हावंसं वाटणारी माणसं अलीकडे माझ्याकडे समुपदेशनासाठी वरचेवर येतात. कुणी बँकेत असतं, कुणी शिक्षक, कुणी दिवसभर संगणकासमोर. स्वतःचं वजन किंवा साखर आटोक्यात आणताना विषयाची गोडी लागलेली असते. आणि जवळजवळ प्रत्येकाचं दुसरं वाक्य तेच असतं: "पण मॅडम, आता या वयात?"

त्यातल्या एकीविषयी लिहिते आहे. तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच बैठकांमधलं मोजकंच इथे आलं आहे.

ती आरोग्यविम्याचे दावे तपासायची. चाळिशीला आलेली. पहिल्याच भेटीत तिने सगळा हिशेब मांडला. शिक्षण, मग इंटर्नशिप, मग जम बसेपर्यंतचा काळ. "म्हणजे पंचेचाळिशीत मी नवशिकी असेन."

'पंचेचाळीस वर्षांच्या तर तशाही होणारच आहात' हे उत्तर तिला मैत्रिणींनी आधीच दिलं होतं. मी ते कुणालाच देत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण घरी पोहोचेपर्यंत प्रश्न पुन्हा जागच्या जागी असतो. मी वेगळं विचारलं.

"समजा, तुम्ही आज पंचविशीच्या आहात. उद्या जाऊन प्रवेश घ्याल?"

ती पटकन हो म्हणेल असं तिलाही वाटलं असावं. तिने तोंड उघडलं आणि थांबली. "नाही. आधी खात्री करून घेईन, की मला जमेल."

"म्हणजे वय काढून टाकलं तरी अडलेलंच आहे."

"हो," ती म्हणाली. "मग मी कशाला अडलेय?"

माझी जडणघडण मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली. परिस्थिती माणसाला अडवते त्याहून जास्त त्याचा स्वतःशीच धरलेला हट्ट अडवतो, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तिचा हट्ट पुढच्या दोन-तीन भेटींत उलगडला: बदल केला तर तो यशस्वी झालाच पाहिजे, नाहीतर नोकरीतली वर्षंही वाया आणि पुढचीही.

"समजा, फसलात. काय होईल?"

"लोक बोलतील. पैसे जातील. वाईट वाटेल."

"खूप?"

"खूप."

"आणि ते सहन होणार नाही?"

ती बराच वेळ गप्प होती. मी मध्ये बोलले नाही. अशा शांततेत समुपदेशकाने घाई करू नये, कारण काम तिथेच चाललेलं असतं. शेवटी ती म्हणाली, "होईल. आवडणार नाही, पण सहन होईल." त्या दिवसानंतर तिने वयाचा विषय काढला नाही.

इथे अनेकांना वाटेल, झालं, सुटला प्रश्न. माझ्या मते खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. हट्ट सुटला म्हणजे निवड योग्यच ठरली असं नाही. आपला आहार सुधारून जे समाधान मिळालं, ते दुसऱ्याच्या आजारपणाशी रोज गाठ पडल्यावर टिकेल का, हे अजून कुणी पाहिलेलंच नसतं.

तिच्या डोळ्यांसमोर आहारतज्ज्ञ म्हणजे तक्ता लिहून देणारी व्यक्ती होती. प्रत्यक्षात हा रुग्णाशी आणि रसायनशास्त्राशी एकाच वेळी बांधलेला व्यवसाय आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला फळं-भाज्या सरसकट 'भरपूर खा' म्हणता येत नाही, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. कित्येक दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट हे क्षार झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये हे प्रकर्षाने दिसलं होतं. नळीने अन्न द्यायचं तर किती, कोणत्या गतीने, याचाही हिशेब असतो. म्हणून अभ्यासात पाककृतींपेक्षा जीवरसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र जास्त घाम काढतं.

मी तिला सुचवलं, रीतसर परवानगी काढून एखाद्या रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञाबरोबर काही दिवस फिरा. ती परत आली ती आधी हिरमुसलेली. "कुणी ऐकतच नाही हो. समोर मान डोलावतात आणि ताट तसंच परत येतं."

मग बोलता बोलता तिने एका आजोबांचं सांगितलं. ते जेवत नव्हते, घरचे म्हणत होते भूकच मेलीय. हिच्या लक्षात आलं की पातळ पदार्थ संपलेले असतात आणि चावायचं तेवढं उरतं. कवळी उशाशी डबीत. वजन उतरल्यावर ती सैल झाली होती आणि हिरड्यांना टोचत होती. तिने आहारतज्ज्ञ बाईंना सांगितलं, आजोबांना मऊ जेवण सुरू झालं, आणि कवळीसाठी दंतवैद्यांना बोलावलं गेलं.

हे सांगताना ती खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती. मी विचारलं, "हे तुम्हालाच कसं दिसलं?"

"सवय आहे. दाव्याची फाइल जुळत नसेल तर कुठला कागद कमी आहे ते शोधत बसायचं, एवढंच तर करत आले."

ती बोलली आणि स्वतःच चमकली. वाया गेलेली म्हणून जी वर्षं ती माझ्यासमोर मांडत होती, त्यांनीच तिला त्या खाटेपाशी उपयोगी पाडलं होतं. हे मी तिला सांगू शकले असते. पण ते तिच्या तोंडून येणं मला फार मोलाचं वाटतं, आणि त्यासाठी थांबायचा संयम ही माझ्या कामातली मला सर्वांत प्रिय गोष्ट आहे.

याच वाटेवर असलेल्यांना माझं सांगणं थोडं व्यवहाराचं आहे. आधी रुग्णालयातलं काम पाहा, मग शुल्क भरा. ते पाहून मन मागे फिरलं तर तोही चांगला निर्णय. असा निर्णय घेतलेले लोकही माझ्याकडे आले आहेत आणि ते समाधानी आहेत. विज्ञान सुटून बरीच वर्षं झाली असतील तर जीवरसायनशास्त्राचं एखादं प्राथमिक पुस्तक नोकरी चालू असतानाच वाचायला घ्या. संध्याकाळी दमून आल्यावरही पान उलटावंसं वाटतं का, ते कळेल.

पात्रतेची चौकशी मात्र भावनेच्या भरात करू नका. आहारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा किमान निकष पदवी आणि देखरेखीखाली ५०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव असा आहे. देशागणिक नियम त्याहून कडक असतात. अमेरिकेत १ जानेवारी २०२४पासून नोंदणी-परीक्षेला बसायलाच पदव्युत्तर पदवी लागते. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना स्वतःला डायटिशियन म्हणवणं कायद्याने चालत नाही, न्यूट्रिशनिस्ट या नावाला मात्र तसं संरक्षण नाही. भारतातही २०२१च्या कायद्याने आहारतज्ज्ञांना आरोग्य-व्यावसायिकांच्या यादीत घेतलं आहे. त्यामुळे काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर रुग्णालयात काम मिळेल अशी आशा कुणी दाखवत असेल, तर तिथे पैसे भरू नका. इंटर्नशिपच्या काळात बहुधा पगार नसतो आणि दिवस पूर्ण जातो. त्या महिन्यांचा घरखर्च कोण उचलणार, हे घरच्यांशी आकड्यांत बोला. 'बघू, होईल काहीतरी' यावर सोडू नका.

तिने नोकरी अजून सोडलेली नाही. प्रवेशासाठी अर्ज केला आहे, आणि इंटर्नशिपच्या काळासाठी तिने आणि नवऱ्याने मिळून वेगळं खातं उघडलं आहे.