भिंतीवरची नावं आणि आपला पासपोर्ट

तुझी मेल दोनदा वाचली. नागपुरात मराठी दैनिकात चार वर्षं वार्ताहर, वय २७, मिझुरी विद्यापीठात पत्रकारितेच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, न्यूयॉर्कच्या कोलंबियाचंही पत्र आलंय आणि बाबा बेसाचा प्लॉट तारण ठेवून ४५ लाखांचं कर्ज काढायला तयार आहेत. सोबत तू केलेली दोन्हीकडच्या माजी विद्यार्थ्यांची यादी: कोणाला पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा अमेरिकी पुरस्कार, कोणाला टीव्हीचा एमी, कोण कुठल्या वाहिनीवर. आणि खाली प्रश्न, "ताई, एवढे लोक इथून घडले, तर आपलंही काहीतरी होईलच ना?"

मी २०१२ मध्ये वर्ध्याहून अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात आले, मधे आयोवा राज्यात जाऊन आज पुन्हा इथेच आहे. आधी एक घोळ निस्तरते. मिझुरी विद्यापीठ ज्या गावात आहे त्याचंही नाव कोलंबिया. माझे अर्धे नातेवाईक अजून समजतात की मी न्यूयॉर्कच्या कोलंबियात शिकले. मीही आता खुलासा करणं सोडलंय. पण बँकेत कागद देताना तू नीट लिही, आमच्यातल्या एकाचं कर्ज याच गोंधळात महिनाभर अडकलं होतं.

आता तुझी यादी. मिझुरीचं विद्यालय १९०८ चं, स्वतःला जगातलं पहिलं म्हणवतं. ज्यांनी ते काढलं त्या वॉल्टर विल्यम्सनी स्वतः कॉलेजची पायरी चढली नव्हती, छापखान्यातून वर आलेला माणूस. टीव्ही पत्रकार जिम लेहरर हे १९५६ चे पदवीधर, राष्ट्राध्यक्षपदाच्या १२ वादविवादांचं सूत्रसंचालन केलेले. ते तुझ्या यादीत आहेत, असायलाच हवेत. पण तू टेनेसी विल्यम्स लिहिलायस. त्याने नाटकांसाठी दोन पुलित्झर मिळवली हे खरं, पण मिझुरीत पत्रकारिता शिकत असताना वडिलांनी त्याला काढून बुटांच्या कंपनीत कामाला लावलं. ब्रॅड पिट पदवीला दोन आठवडे उरले असताना हॉलिवूडला निघून गेला. चीनमधल्या कम्युनिस्टांची ओळख जगाला करून देणारा एडगर स्नो इथलाच, त्यानेही अभ्यासक्रम पूर्ण केला नाही. म्हणजे सगळ्यात चकचकीत तीन नावं अर्धवट सोडून गेलेल्यांची! हे मी गमतीने सांगतेय, पण अगदीच गमतीने नाही.

आता हीच यादी पुन्हा घे आणि प्रत्येक नावापुढे पासपोर्टचा रकाना कर. मेघा राजगोपालन तुझ्या मेलमध्ये "आपली" म्हणून आली आहे. २०२१ चं पुलित्झर, उपग्रहाची छायाचित्रं वापरून चीनच्या शिनजियांग प्रांतात मुस्लिमांना डांबलेल्या छावण्या शोधल्या, काम थोरच. मेरीलंड विद्यापीठात शिकली. पण ती अमेरिकन आहे. चीनने तिचा व्हिसा वाढवून दिला नाही तेव्हा तिच्यासमोर दुसरीकडून काम करण्याचा पर्याय होता. तुझा व्हिसा संपला की तुझ्यासमोर विमानतळ असतं. गीता आनंद मुंबईत वाढलेल्या, २००३ च्या पुलित्झरविजेत्या चमूत होत्या, २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाच्या डीन झाल्या. आणि त्यांची स्वतःची पदवी? डार्टमथची, तिथे पत्रकारितेचं विद्यालयच नाही.

दुसरा गट शिकून परत गेलेल्यांचा. बरखा दत्त न्यूयॉर्कच्या कोलंबियाच्या, सुहासिनी हैदर बॉस्टन विद्यापीठाच्या. दोघींचं नाव झालं ते दिल्लीत. आणि दानिश सिद्दीकी तर बाहेर शिकायला गेलाच नाही. दिल्लीच्या जामियाच्या मास कम्युनिकेशन केंद्रातून बाहेर पडला, रॉयटर्स वृत्तसंस्थेत लागला, २०१८ मध्ये रोहिंग्यांच्या छायाचित्रांसाठी पुलित्झर आणि २०२२ मध्ये मरणोत्तर दुसरं, कोविडकाळातल्या भारताच्या छायाचित्रांसाठी. पत्रकारितेच्या पुलित्झरला अमेरिकेत राहावं लागत नाही, अमेरिकेत नियमित बातम्या प्रसिद्ध करणारी संस्था लागते. पुलित्झर हवं म्हणून ४५ लाख काढत असशील तर दिल्लीचं तिकीट स्वस्त पडेल.

उलटा प्रवासही झालाय बरं का. आपल्या हिस्लॉप कॉलेजात पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पत्रकारिता शिकवायला सुरुवात झाली तेव्हा सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलंड वोल्सली फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीवर नागपूरला आले होते.  मला त्या माणसाबद्दल नेहमी आदर वाटत आलाय.

मग शाळेतून मिळतं काय? मला मिळालं, ते सांगते. मिझुरीत वर्गापेक्षा न्यूजरूम जास्त. 'कोलंबिया मिझुरियन' हे गावातलं खरं वर्तमानपत्र, विद्यार्थी वार्ताहर आणि वर पगारी संपादक. कोमू हे टीव्ही स्टेशन विद्यापीठाच्या मालकीचं आणि एनबीसी वाहिनीशी संलग्न, केबीआयए हे रेडिओ स्टेशन. पहिल्या महिन्यात मला एका आजीबाईंची मृत्युवार्ता लिहायला दिली. वर्ध्यात चार वर्षं बातम्या केलेल्या, म्हटलं यात काय आहे. नाव ऐकलं कॅथरीन, लिहिलं. तिथे नियम असा की छापण्याआधी प्रत्येक नाव, आकडा, उद्गार त्या त्या माणसाला फोन करून वाचून दाखवायचा. मी त्या आजीबाईंच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, आईचं नाव कसं लिहिलंय ते एकेक अक्षर सांगा. मी सांगितलं. फोनवर शांतता. मग ती हळू आवाजात म्हणाली, "के, ए, टी, एच, आर, वाय, एन." देवनागरीत कॅथरीन एकच असते गं. इंग्रजीत पाच-सहा प्रकारची असते आणि त्यातली एकच तिची आई असते. त्या दिवसापासून मी कोणाचंही नाव ऐकून लिहिलेलं नाही, मराठीतही नाही. देशमुख आहे की देशमूख, तेही विचारते.

दुसरी गोष्ट आकडे. शोधपत्रकारांची आयआरई ही संघटना आणि तिचा डेटा विभाग नायकार, दोन्ही मिझुरीतच. नायकार १९८९ पासून पत्रकारांना डेटाबेस शिकवतंय. मी बीए मराठी, मला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, तिथे आलं आणि माझी पोळी त्याच्यावर पिकली. माझ्या उच्चारांमुळे टीव्हीवर कोणी घेणार नव्हतं, हे तोंडावर कोणी म्हणत नाही, पण दुसऱ्या सत्रात आपलं आपल्याला कळतं. आकड्यांना उच्चार नसतो.

आता पैसे. ४५ लाख ११ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण ६२ हजार. नागपूरच्या दैनिकाच्या पगारातून तो जाणार नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणजे कर्ज काढलं त्या दिवशीच परत येण्याचं दार अर्धं लागलं. इथे तो हप्ता सातशे डॉलरच्या आसपास. माझी पहिली नोकरी आयोवातल्या एका छोट्या दैनिकात, २०१४ साली, वर्षाला ३१ हजार डॉलर. घरभाडं, जुनी गाडी, तिचा विमा काढून महिन्याला दोनशे उरायचे. मी तरले कारण मिझुरीत मला असिस्टंटशिप होती: आठवड्याचे काही तास काम, त्याबदल्यात फी माफ आणि थोडं मानधन. माझं कर्ज आठ लाखांचं होतं, पंचेचाळीस नव्हे. न्यूयॉर्कचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आणि राहण्याखाण्यासकट खर्च एक लाख डॉलरच्या वर. विद्यालय उत्तम आहे, पुलित्झर तिथूनच दिली जातात, भिंतीवरची माजी विद्यार्थ्यांची नावं डोळे दिपवतात. ज्याच्या मागे घरचा पैसा आहे किंवा ज्याला मोठी शिष्यवृत्ती मिळाली त्याने डोळे मिटून जावं. तू नको जाऊस.

व्हिसाचं गणित तुझ्या मेलमध्ये एका ओळीत उरकलंयस. ते इथे सगळ्यात मोठं प्रकरण आहे. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, त्यात बेकारीचे एकूण ९० दिवस माफ. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दिवस खोडत होते, आयोवाचा फोन आला तेव्हा ७१ वर फुली होती. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटातल्या पदव्यांना आणखी २४ महिने मिळतात. पत्रकारितेची साधी पदवी त्यात येत नाही, पण डेटा किंवा डिजिटल माध्यमाच्या काही पदव्यांचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक, येतो. तुझ्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, कोणता कोड पडणार हे प्रवेश घेण्याआधी लेखी विचार. या एका आकड्यावर दोन वर्षं अवलंबून आहेत.

त्यापुढे एच-१बी, म्हणजे मालकाने काढून द्यायचा नोकरीचा व्हिसा. वर्षाला ८५ हजार जागा, त्यातल्या २० हजार इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी, आणि अर्ज कितीतरी जास्त म्हणून सोडत. आता तर जास्त पगाराच्या अर्जाला सोडतीत जास्त वजन देणारा नियम आणलाय, म्हणजे वार्ताहर पुन्हा मागे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली. इथेच विद्यार्थी असून व्हिसाचं स्टेटस बदलणाऱ्यांना ते लागू नाही असा खुलासा ऑक्टोबरात आला, पण छोट्या पेपरचा संपादक खुलाशापर्यंत वाचत नाही. आयोवातला माझा संपादक तर त्याही काळात म्हणाला होता, "तुझं काम मला आवडतं, पण वकिलाचं बिल माझ्या बजेटमध्ये कुठे लिहू?" भला माणूस होता. मला राग त्याचा नाही आला, स्वतःचा आला, की हे मी मुलाखतीतच विचारलं नव्हतं.

माझी सुटका एका पळवाटेने झाली. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था यांना त्या ८५ हजारांची मर्यादा नाही, सोडतही नाही. इथली बरीच सार्वजनिक रेडिओ स्टेशनं विद्यापीठांच्या मालकीची आहेत. अशा एका स्टेशनात मी २०१५ मध्ये लागले, आरोग्याच्या बातम्या आणि आकडे बघायला. सहा वर्षं तिथे काढली, कामाचा आनंद सगळ्यात जास्त तिथेच मिळाला. पण तुला "माझ्यासारखं कर" म्हणायची सोय आता राहिली नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे ११० कोटी डॉलर काढून घेतले. अशा स्टेशनांत आता नवी भरती सोडच, आहेत ती माणसं टिकवताना नाकी नऊ येतायत. छापील पेपरांचं तर काय सांगू, २००८ ते २०२० मध्ये न्यूजरूममधली माणसं ७१ हजारांवरून ३१ हजारांवर आली.

आणि भिंतीवर ज्यांची नावं नाहीत त्यांचं काय झालं? माझ्या तुकडीत आम्ही परदेशी नऊजण होतो. आज बातमीदारीत तिघं, आणि त्यातले दोघं आपापल्या देशात परत जाऊन. एक फॅक्टचेकिंगची छोटी संस्था चालवते, एक टीव्हीवर आहे. अमेरिकेत बातमीदारीत राहिलेला एकच, त्याचं लग्न इथल्या मुलीशी झालं. उरलेले विमा कंपनी, विद्यापीठाचं जनसंपर्क खातं, एक शेतीच्या औषधांच्या कंपनीत. मी २०२१ पासून कॅन्सस सिटीत विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात संवादविभाग बघते. डॉक्टरांचं इंग्रजी माणसांच्या इंग्रजीत आणणं हे काम. पगार आयोवाच्या अडीचपट. ग्रीन कार्डच्या रांगेत अजून उभीच. वाईट चाललंय असं नाही, पण आईला शेजारणीने विचारलं की "पोरगी पत्रकार आहे ना?" तर आई क्षणभर थांबते, हे मला फोनवरही ऐकू येतं.

तर माझं मत स्पष्ट: मिझुरी, आणि तेही असिस्टंटशिपचं पत्र हातात आलं तरच. आलं नाही तर यंदा निघू नकोस. विद्यालयाला मेल कर आणि प्रसिद्ध माजी विद्यार्थी विचारू नकोस. गेल्या तीन वर्षांत किती परदेशी विद्यार्थी बाहेर पडले, दोन वर्षांनी ते कुठे आहेत, कितीजणांच्या व्हिसासाठी कोणत्या मालकाने अर्ज केला, एवढं विचार. उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच आहे. मग लिंक्डइनवर भारतीय नावाच्या, भारतातच बीए झालेल्या पाचजणांना लिही. दोघं उत्तर देतील, त्यातला एक खरं सांगेल. जे. एन. टाटा एन्डोमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीला अर्ज केलायस का? १८९२ पासून देतायत आणि त्यांना पत्रकारिता वर्ज्य नाही.

कापूस खरेदीतल्या वजनकाट्याची तुझी बातमी मराठीतच आहे म्हणून अर्जाला जोडू की नको, असं विचारलंस. जोडच. भाषांतर कर आणि वर अर्धं पान लिही: वजनात मार बसतो हे आधी कोणी सांगितलं, तू काटा कसा तपासलास, जिनिंगवाल्याने फोन केल्यावर काय बोललास. असिस्टंटशिप देणारे तेच वाचतात. आणि त्या शेतकऱ्यांची नावं इंग्रजीत लिहिताना त्यांच्या आधार कार्डावरचं स्पेलिंग बघ. मसुदा झाला की मला पाठव, १५ एप्रिलच्या आत पाठव, कारण इथल्या बहुतेक विद्यापीठांत असिस्टंटशिप घेतो की सोडतो हे त्या तारखेपर्यंत कळवायचं असतं आणि कोणी सोडली तर त्यानंतरच्या आठवड्यात जागा रिकामी होते.